प्रोग्रॅम चालू असताना ऑपरेटिंग सिस्टिम कुठे असते?

ऑपरेटिंग सिस्टिमची ओळख करून देताना तिला बहुधा व्यवस्थापक म्हटलं जातं. वर कुठेतरी बसलेली, सगळ्या प्रोग्रॅमवर नजर ठेवणारी, कोणी आगाऊपणा केला की त्याला आवरणारी. चित्र सोपं आहे, पण पुढे गेल्यावर ते फार अडवतं. प्रोसेसरचा एक कोअर, म्हणजे त्यातला सूचना पाळणारा एक घटक, एका क्षणी एकाच ठिकाणच्या सूचना पाळतो. ब्राउझर त्या कोअरवर चालू असेल, तर त्या क्षणी त्याच कोअरवर ऑपरेटिंग सिस्टिम चालू नसते. ती कुठूनही बघत नसते. मेमरीत पडून असलेला कोड, एवढंच तिचं तेव्हाचं अस्तित्व.

मग ब्राउझरने कोअर सोडलाच नाही तर? त्याने दुसऱ्या प्रोग्रॅमच्या मेमरीत हात घातला तर? त्याला थांबवायला जागं कोण आहे? प्रोसेस, व्हर्च्युअल मेमरी, मशीन हँग होणं, ‘किल’ करूनही न मरणारा प्रोग्रॅम ही सगळी प्रकरणं याच प्रश्नाच्या उत्तरातून उलगडत जातात. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

तीन दरवाजे

उत्तराचा पाया हार्डवेअरमध्ये आहे. संगणक आणि फोनमधल्या प्रत्येक आधुनिक प्रोसेसरला अधिकाराच्या निदान दोन पातळ्या असतात. इंटेल आणि एएमडीच्या एक्स८६ प्रोसेसरमध्ये ० ते ३ अशा चार आहेत, पण विंडोज आणि लिनक्स त्यातल्या ० आणि ३ या दोनच वापरतात. पातळी ० म्हणजे कर्नल मोड. ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, तिथे चालतो. पातळी ३ म्हणजे युजर मोड. बाकी सगळे प्रोग्रॅम तिथे. युजर मोडमध्ये काही सूचना सरळ बंद असतात: इंटरप्ट (उपकरणांचे इशारे) थांबवणं, मेमरीचा नकाशा बदलणं, डिस्कच्या कंट्रोलरला थेट हुकूम देणं. प्रोग्रॅमने प्रयत्न केलाच, तर प्रोसेसर स्वतः ती सूचना नाकारतो आणि कर्नलला उठवतो. ही मनाई सिलिकॉनमध्येच आहे, त्यामुळे ती राबवायला कर्नल जागा असण्याची गरज नाही.

युजर मोडमधून कर्नलमध्ये यायला तीनच वाटा आहेत.

पहिली सिस्टिम कॉलची. प्रोग्रॅमला फाइल वाचायची आहे, पण डिस्कला हात लावायची परवानगी नाही, म्हणून तो कर्नलला विनंती करतो. ६४-बिट एक्स८६ लिनक्सवर ‘वाच’ या विनंतीचा क्रमांक ० आहे, ‘लिही’चा १ आणि ‘उघड’चा २. प्रोग्रॅम हा क्रमांक एका ठरलेल्या रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या छोट्या कप्प्यात, ठेवतो. कोणती फाइल, मजकूर मेमरीत कुठे ठेवायचा आणि किती बाइट हवेत, ही माहिती आणखी तीन रजिस्टरांत ठेवतो आणि सिस्टिम कॉलची खास सूचना चालवतो. त्यासरशी प्रोसेसर कर्नल मोडमध्ये जातो आणि मशीन सुरू होताना कर्नलने नोंदवून ठेवलेल्या एकाच पत्त्यावर उडी मारतो. उडी कुठे मारायची हे प्रोग्रॅमला ठरवता येत नाही, आणि सगळी सुरक्षितता या बारकाव्यावर टेकलेली आहे. ते त्याच्या हाती असतं, तर परवानगी तपासणारा भाग ओलांडून तो थेट पुढच्या ओळीवर उतरला असता.

प्रत्येक सिस्टिम कॉलला किंमत असते. साध्या फंक्शन कॉलपेक्षा तो बराच महाग पडतो, कारण मोड बदलायचा, रजिस्टरं जपायची, दिलेले पत्ते तपासायचे. १० लाख बाइटची फाइल एकेक बाइट मागत वाचली तर १० लाख फेऱ्या होतात; ६४ केबीच्या घासाने वाचली तर १६. प्रोग्रॅमिंग भाषांच्या लायब्रऱ्या मध्ये बफर, म्हणजे मजकूर साठवायची मधली जागा, ठेवतात तो यासाठीच. एखादा प्रोग्रॅम फाइल वाचताना अकारण संथ वाटला, तर आधी तो किती लहान घास घेतोय ते बघावं.

दुसरी वाट इंटरप्टची. कळ दाबली गेली, नेटवर्कवरून पाकीट आलं, डिस्कने मागितलेला मजकूर आणून दिला, की ते उपकरण प्रोसेसरला इशारा देतं. प्रोसेसर चालू काम जिथल्या तिथे थांबवून कर्नलच्या ठरलेल्या कोडकडे जातो. पण सगळ्यात महत्त्वाचा इंटरप्ट टायमरचा. कर्नल एखाद्या प्रोग्रॅमच्या हाती कोअर देतो तेव्हा टायमर लावलेला असतो, आणि ‘प्रोग्रॅमने कोअर सोडलाच नाही तर?’ याचं उत्तर तो टायमर आहे. प्रोग्रॅम अनंत फेऱ्यांत अडकला तरी टायमर वाजतोच, आणि टायमर बंद करण्याची सूचना युजर मोडमध्ये चालतच नाही. लिनक्समध्ये ही टिकटिक बऱ्याच ठिकाणी सेकंदाला २५० वेळा, म्हणजे दर ४ मिलिसेकंदांनी ठेवलेली असते. विंडोजमध्ये ती मुळात सेकंदाला ६४ वेळा, म्हणजे साधारण १५.६ मिलिसेकंदांनी असते. ‘१ मिलिसेकंद थांब’ असं सांगूनही विंडोजवरचा प्रोग्रॅम कधी कधी १५ मिलिसेकंद का थांबतो, त्याचं कारण हेच.

टायमरवर न विसंबणाऱ्या सिस्टिमही लोकांनी वर्षानुवर्षं वापरल्या. विंडोज ३.१ आणि मॅक ओएस ९ पर्यंतच्या मॅकवर प्रोग्रॅमने आपण होऊन पाळी सोडायची, अशी पद्धत होती. एकाने सोडली नाही की अख्खं मशीन गोठायचं. विंडोज ९५ मध्ये ३२-बिट प्रोग्रॅमसाठी, आणि मॅकवर २००१ च्या मॅक ओएस एक्सपासून, पाळी सक्तीने काढून घेणं सुरू झालं.

तिसरी वाट चुकीची, म्हणजे फॉल्टची. शून्याने भागलं, नसलेल्या पत्त्यावर लिहायला गेलं, की प्रोसेसर सूचना अर्धवट सोडून कर्नलला बोलावतो. नाव ‘फॉल्ट’ असलं तरी ही वाट फार कामाची आहे. मेमरीच्या भागात ती पुन्हा भेटेल.

हे तिन्ही दरवाजे बसवले जातात मशीन सुरू होताना. आधी मदरबोर्डवरचा यूईएफआय हा प्रोग्रॅम चालतो, तो बूटलोडरला मेमरीत आणतो, बूटलोडर कर्नलला आणतो. कर्नल उठल्यावर मेमरीचा नकाशा मांडतो, कोणता इंटरप्ट आला की कुठे जायचं याचा तक्ता प्रोसेसरला देतो, टायमर लावतो आणि लिनक्सवर असेल तर क्रमांक १ ची प्रोसेस सुरू करतो. त्यानंतर तो जे काही करतो ते कोणी ना कोणी दार ठोठावल्यामुळे. कर्नलचे स्वतःचेही काही थ्रेड, म्हणजे स्वतंत्रपणे चालणारे कामाचे धागे, पडद्यामागे कामं करत असतात, पण त्यांनाही इतरांसारखीच पाळी घ्यावी लागते.

एक कोअर, अनेक मालक

प्रोग्रॅम म्हणजे डिस्कवरची फाइल. प्रोसेस म्हणजे तोच प्रोग्रॅम चालू स्थितीत. एकाच प्रोग्रॅमच्या दहा प्रोसेस असू शकतात. प्रत्येक प्रोसेसची नोंद कर्नलकडे असते: तिचा क्रमांक, मालक, उघडलेल्या फाइली, मेमरीचा नकाशा, आणि ती थांबली तेव्हा प्रोसेसरच्या रजिस्टरांत काय होतं ते. ही शेवटची गोष्ट जपल्यामुळेच प्रोसेस थांबवून पुन्हा तिथूनच सुरू करता येते. एकीची रजिस्टरं नोंदवून ठेवायची, दुसरीची उचलून भरायची, मेमरीचा नकाशा बदलायचा. याला कॉन्टेक्स्ट स्विच म्हणतात. प्रत्यक्ष अदलाबदल एक-दोन मायक्रोसेकंदांत उरकते. खरा फटका नंतर बसतो: कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरजवळच्या वेगवान साठ्यात, जुन्या प्रोसेसचा डेटा असतो, आणि नवीला तो पुन्हा भरून घेईपर्यंत संथ चालावं लागतं. पाळी फार लहान ठेवली तर वेळ अदलाबदलीतच जातो, फार मोठी ठेवली तर टाइप केलेलं अक्षर पडद्यावर उशिरा उमटतं.

टास्क मॅनेजरमध्ये ३०० प्रोसेस दिसतात आणि प्रोसेसरचा वापर मात्र ३ टक्के, हे पाहून पुष्कळ जण गोंधळतात. त्या ३०० पैकी जवळजवळ सगळ्या कशाची तरी वाट पाहत असतात: कळ दाबण्याची, नेटवर्कची, घड्याळाची. वाट पाहणारी प्रोसेस कोअर अजिबात वापरत नाही. तिला रांगेतून काढून बाजूला ठेवलेलं असतं, आणि हवी ती घटना घडली की त्या घटनेचा इंटरप्टच तिला परत रांगेत आणतो.

रांगेतल्या तयार प्रोसेसपैकी पुढची कोण, हे शेड्युलर ठरवतो. लिनक्सने २००७ साली जी पद्धत घेतली तिचं तत्त्व ऐकायला अगदी साधं होतं: आतापर्यंत ज्याला सर्वांत कमी वेळ मिळाला, त्याची पाळी आधी. सतत वाट पाहणाऱ्या प्रोसेसला आपोआप कमी वेळ मिळालेला असतो, त्यामुळे कळ दाबताच तिला लगेच कोअर मिळतो. २०२३ मध्ये ६.६ या आवृत्तीत ही पद्धत बदलून प्रत्येकाला मुदतही लावणारी नवी पद्धत आली. आपल्या हातात ‘नाइस’ हा आकडा असतो, उणे २० ते १९. आकडा जितका मोठा तितकी ती प्रोसेस मागे सरकते. रात्रभर चालणाऱ्या बॅकअपला १९ द्यावा आणि निश्चिंत व्हावं. मशीन रिकामं असेल तेव्हा त्याला पूर्ण वेग मिळतोच.

लिनक्सवरच्या ‘लोड ॲव्हरेज’ या आकड्यात रांगेतल्या प्रोसेससोबत डिस्कच्या उत्तरासाठी अडलेल्या प्रोसेसही मोजल्या जातात. चार कोअरच्या मशीनवर लोड १२ आणि प्रोसेसर मात्र बराचसा मोकळा असेल, तर संशय डिस्कवर किंवा नेटवर्कवरच्या फाइल सर्व्हरवर घ्यायचा. अशा अडलेल्या प्रोसेसची अवस्था ‘डी’ या अक्षराने दिसते, आणि ‘किल -९’, म्हणजे सक्तीने बंद करणारा ९ क्रमांकाचा सिग्नल, देऊनही ती मरत नाही. याचं कारण दरवाज्यांशी जोडलेलं आहे. सिग्नलची दखल घेतली जाते ती प्रोसेस कर्नलमधून युजर मोडमध्ये परतताना, किंवा ती उठवता येईल अशा झोपेत असेल तर. ही प्रोसेस कर्नलच्या आत, उपकरणाच्या उत्तराची वाट पाहत, न उठवता येणाऱ्या झोपेत आहे. उत्तर आलं की ती मरेल. उत्तर येणारच नसेल, तर उपकरण तरी दुरुस्त करा नाहीतर मशीन पुन्हा सुरू करा. एरवीसुद्धा ९ क्रमांकाचा सिग्नल शेवटी वापरावा. आधी साधा ‘किल’, म्हणजे १५ क्रमांकाचा सिग्नल द्यावा, काही सेकंद थांबावं. १५ मिळाल्यावर प्रोग्रॅमला हातातलं काम जतन करायची संधी मिळते, ९ मध्ये ती मिळत नाही.

‘झॉम्बी’ दिसलेल्या प्रोसेसमागे मात्र लागू नये. ती आधीच संपलेली असते. तिचा निकाल तिला सुरू करणाऱ्या पालक प्रोसेसने वाचलेला नसतो, म्हणून फक्त नोंद शिल्लक असते. चूक पालकाची असते. तो बंद केला की नोंद पुसली जाते.

मेमरी: प्रत्येकाला वाटतं सगळी आपलीच

दोन प्रोसेस एकाच वेळी एकाच पत्त्यावरचा आकडा वाचतात आणि दोघींना वेगवेगळी उत्तरं मिळतात. यात चूक काही नाही, कारण प्रोग्रॅम जो पत्ता वापरतो तो खरा नसतोच. प्रत्येक वापरावेळी प्रोसेसर त्या आभासी पत्त्याचं रॅममधल्या खऱ्या जागेत रूपांतर करतो, आणि रूपांतराचा तक्ता, म्हणजे पेज टेबल, कर्नलने प्रत्येक प्रोसेससाठी वेगळा लिहिलेला असतो. दुसऱ्या प्रोग्रॅमच्या मेमरीत हात का घालता येत नाही, याचं उत्तर इथे मिळतं. मनाई करायची वेळच येत नाही. दुसऱ्याच्या जागेकडे नेणारा पत्ताच आपल्या तक्त्यात नसतो. मँचेस्टरच्या ॲटलस संगणकात ही कल्पना १९६२ मध्येच राबवली गेली होती.

तक्ता एकेका बाइटचा ठेवला तर तोच मेमरीपेक्षा मोठा होईल. म्हणून मेमरीचे समान तुकडे पाडतात, त्यांना पेज म्हणतात. एक्स८६ वर पेज ४०९६ बाइटचं असतं. ॲपलच्या स्वतःच्या प्रोसेसरवरच्या मॅकमध्ये १६ केबीचं. ६४-बिट एक्स८६ मध्ये आभासी पत्ता साधारणपणे ४८ बिटांचा असतो. शेवटचे १२ बिट पेजच्या आतली जागा सांगतात, कारण २ चा १२ वा घात ४०९६ होतो. उरलेल्या ३६ चे ९-९ चे चार गट पडतात आणि तक्ता चार पायऱ्यांत वाचला जातो. ९ बिट म्हणजे ५१२ नोंदी, प्रत्येक नोंद ८ बाइटची, म्हणजे एका पायरीचा तक्ता बरोबर ४०९६ बाइटचा: तोच नेमका एका पेजमध्ये बसतो. इतकी नेटकी मांडणी पाहिली की ती करणाऱ्यांविषयी आदर वाटतो.

पण चार पायऱ्या म्हणजे मेमरीच्या एका वाचनासाठी आणखी चार वाचनं. हे परवडणार नाही, म्हणून प्रोसेसर अलीकडची रूपांतरं टीएलबी नावाच्या छोट्या, अतिवेगवान साठ्यात ठेवतो. बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळतं. दुसऱ्या प्रोसेसकडे गेलं की तिचा तक्ता वेगळा, तिची रूपांतरं वेगळी. कॉन्टेक्स्ट स्विचनंतर संथ चालण्यामागे हेही एक कारण आहे.

आता तिसरा दरवाजा. तक्त्यातल्या प्रत्येक नोंदीत ‘हे पेज रॅममध्ये आहे की नाही’ असा एक बिट असतो. ‘नाही’ असेल तर पेज फॉल्ट होतो आणि कर्नल उठतो. पुढे तीन शक्यता. पहिली: पेज या प्रोसेसला कबूल केलं आहे, पण अजून दिलेलं नाही. प्रोग्रॅमने १ जीबी मागितली की कर्नल बहुधा फक्त ‘दिली’ असं नोंदवतो. प्रत्यक्ष रॅम एकेका पेजला पहिला स्पर्श होईल तेव्हा खर्ची पडते. म्हणून प्रोग्रॅम किती मेमरी खातोय ते पाहताना ‘व्हर्च्युअल’चा रकाना घाबरवणारा असला तरी सोडून द्यावा आणि ‘रेसिडेंट’चा बघावा. दुसरी: पेज होतं, पण जागा करण्यासाठी डिस्कवर हलवलं गेलं; ते परत आणायचं. तिसरी: हा पत्ता या प्रोसेसचा नाहीच. मग प्रोसेस बंद केली जाते आणि लिनक्सवर ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ हे शब्द दिसतात.

दुसऱ्या शक्यतेत काय घडतं याचा हिशेब एकदा तरी करून बघावा. रॅममधून वाचायला ढोबळमानाने १०० नॅनोसेकंद लागतात, एसएसडीवरून १०० मायक्रोसेकंद, फिरत्या हार्ड डिस्कवरून १० मिलिसेकंद. म्हणजे एसएसडी रॅमच्या हजारपट संथ, हार्ड डिस्क लाखपट. दर हजार वाचनांत एकच डिस्कवर गेलं असं धरा. एसएसडीवर सरासरी वेळ १०० वरून २०० नॅनोसेकंद होतो, म्हणजे निम्मा वेग. हार्ड डिस्कवर तीच सरासरी १०,१०० नॅनोसेकंदांवर जाते, म्हणजे मशीन शंभरपट संथ. हजारात एक! मेमरी भरल्यावर मशीन हळूहळू मंदावत नाही, कड्यावरून पडल्यासारखं कोसळतं ते यामुळे. या अवस्थेला थ्रॅशिंग म्हणतात: प्रत्येक प्रोसेस आपलं पेज आणताना दुसरीचं बाहेर ढकलते, आणि दुसरी उठली की तेच उलट. लक्षणं ठरलेली असतात. प्रोसेसर मोकळा, डिस्क १०० टक्के, माउसचा बाण अडखळत चाललेला. लिनक्सवर ‘व्हीएमस्टॅट’ ही आज्ञा लावून ‘एसआय’ (डिस्कवरून परत आणलेलं) आणि ‘एसओ’ (डिस्कवर हलवलेलं) हे रकाने बघावेत; दोन्हींत सतत मोठे आकडे दिसत असतील तर शंका उरत नाही. उपाय म्हणजे मेमरी खाणारा प्रोग्रॅम बंद करणं किंवा रॅम वाढवणं. वेगवान प्रोसेसर घेऊन इथे काही मिळत नाही.

त्याउलट, ‘फ्री’ मेमरी थोडी दिसली म्हणून घाबरू नये. वापरात नसलेल्या रॅममध्ये कर्नल अलीकडे वाचलेल्या फाइली ठेवतो, आणि गरज पडताच ती जागा मोकळी करतो. बघायचा आकडा ‘अव्हेलेबल’चा. मेमरी ‘साफ’ करून देणारी ॲप याच कारणाने वापरू नयेत: ती उपयोगी पेजं बाहेर काढतात, आणि तीच थोड्या वेळाने डिस्कवरून पुन्हा आणावी लागतात.

कर्नलने दिलेली सगळी आश्वासनं एकाच वेळी वटवायला आली आणि रॅम आणि स्वॅप (पेजं हलवायची डिस्कवरची जागा) दोन्ही संपली, तर लिनक्स एक प्रोसेस निवडून मारतो. निवड मुख्यतः कोण किती मेमरी वापरतंय यावर होते, त्यामुळे बळी बहुधा डेटाबेससारखा मोठा आणि महत्त्वाचा प्रोग्रॅम जातो. त्याच्या स्वतःच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, एक ओळही सापडत नाही. सर्व्हरवरचा प्रोग्रॅम निमूट गायब झाला असेल, तर कर्नलचा लॉग उघडून ‘आउट ऑफ मेमरी’ शोधावं.

फाइल म्हणजे नाव नव्हे

डिस्कला फाइल, फोल्डर, नाव यातलं काहीच कळत नाही. तिला क्रमांक दिलेले ठोकळे कळतात. बाकी सगळं फाइल सिस्टिमने रचलेलं असतं. लिनक्स आणि युनिक्स घराण्यात प्रत्येक फाइलची आयनोड नावाची नोंद असते: आकार, मालक, परवानग्या, मजकूर कोणत्या ठोकळ्यांत आहे. त्या नोंदीत नाव नसतं. नाव फोल्डरमध्ये असतं, आणि फोल्डर म्हणजे ‘हे नाव, तो आयनोड’ अशी यादी.

एवढं कळलं की रोजचे बरेच प्रश्न सुटतात. ५० जीबीची फाइल त्याच डिस्कवर दुसऱ्या फोल्डरमध्ये क्षणात हलते, कारण फक्त यादीतली ओळ हलली. दुसऱ्या डिस्कवर हलवायला मात्र सगळे ठोकळे कॉपी करावे लागतात. उघडी असलेली लॉग फाइल लिनक्सवर पुसली तर नाव जातं, पण ती उघडून बसलेला प्रोग्रॅम बंद होईपर्यंत जागा सुटत नाही. मोकळी जागा सांगणारी ‘डीएफ’ ही आज्ञा डिस्क भरलेली दाखवते, फाइलींचे आकार मोजणाऱ्या ‘डीयू’ची बेरीज जुळत नाही, अशा वेळी तो प्रोग्रॅम पुन्हा सुरू करायचा. आणि लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाइल सिस्टिममध्ये आयनोडांची संख्या फॉरमॅट करतानाच ठरते, त्यामुळे लाखो बारीक फाइली झाल्या तर जागा शिल्लक असूनही ‘जागा नाही’ असा संदेश येतो. ‘डीएफ -आय’ दिलं की ते दिसतं. पेनड्राइव्हवर ४ जीबीची फाइल जात नसेल तर कारण आणखी साधं आहे: एफएटी३२ या फाइल सिस्टिममध्ये फाइलचा आकार ३२ बिटांत लिहितात, आणि ४ जीबीला एक बाइट कमी यापुढचा आकडा त्यात मावत नाही.

जिवाला लागणारी चूक वेगळी आहे. ‘लिही’ हा सिस्टिम कॉल यशस्वी झाला याचा अर्थ मजकूर डिस्कवर गेला असा होत नाही. तो रॅममध्ये ठेवला गेला, आणि कर्नल सवडीने उतरवेल. लिनक्सच्या मूळ मांडणीत हे ३० सेकंदांपर्यंत लांबू शकतं. त्या दरम्यान वीज गेली तर मजकूर गेला. पेनड्राइव्ह न सांगता ओढून काढू नये ते यासाठी. जर्नल ठेवणाऱ्या फाइल सिस्टिम बदल आधी एका वहीत नोंदवतात, पण ती वही फाइल सिस्टिमची रचना वाचवते, तुमच्या शेवटच्या परिच्छेदाची हमी देत नाही. महत्त्वाची फाइल लिहिणाऱ्या प्रोग्रॅमने नवा मजकूर वेगळ्या नावाने लिहावा, ‘एफसिंक’ करून तो खरोखर उतरेपर्यंत थांबावं, आणि मगच जुन्या नावावर नाव बदलावं. वीज केव्हाही जावो, पूर्ण जुनी किंवा पूर्ण नवी यांपैकी एक फाइल हाती राहते.

कुलपं

एका प्रोसेसमध्ये अनेक थ्रेड असू शकतात, आणि ते एकच मेमरी वापरतात. दोन थ्रेड एकच मोजणी १ ने वाढवतायत असं समजा. ‘१ ने वाढव’ ही प्रोसेसरच्या लेखी तीन कामं आहेत: वाच, मिळव, परत लिही. पहिल्याने ५ वाचला आणि नेमका तेव्हाच टायमर वाजला. दुसऱ्याने ५ वाचला, ६ लिहिला. पहिला उठला आणि त्यानेही ६ लिहिला. दोनदा वाढवूनही मोजणी एकाने कमी. हा दोष चाचणीत हजारदा दिसणार नाही आणि ऐन कामाच्या वेळी दिसेल, कारण तो टायमर कोणत्या दोन सूचनांच्या मध्ये वाजतो, किंवा दोन कोअरवरचे थ्रेड नेमके कधी एकमेकांना गाठतात, यावर अवलंबून आहे.

यावर उपाय लॉकचा: एका वेळी एकच थ्रेड आत. पण लॉक दोन झाले की डेडलॉक संभवतो. एकाने ‘अ’ धरून ‘ब’ मागितला, दुसऱ्याने ‘ब’ धरून ‘अ’. दोघेही कायमचे थांबले. प्रोसेसर मोकळा, प्रोग्रॅम मुका. यावर टिकाऊ नियम एकच आहे: सगळ्यांनी लॉक एकाच ठरलेल्या क्रमाने घ्यायचे.

लॉक आणि शेड्युलर मिळून काय घोळ घालतात, हे १९९७ मध्ये मंगळावर दिसलं. ४ जुलैला उतरलेलं मार्स पाथफाइंडर यान काही दिवसांनी पुन्हा पुन्हा आपोआप रीसेट होऊ लागलं. हवामानाची माहिती गोळा करणारं कमी महत्त्वाचं काम एक लॉक धरून होतं. अतिमहत्त्वाचं काम त्या लॉकसाठी थांबलं. तेवढ्यात मध्यम महत्त्वाचं काम उठलं आणि खालच्याला बाजूला सारून चालत राहिलं. खालच्याला पाळी नाही, म्हणून लॉक सुटत नाही, म्हणून वरचं काम अडलेलं. शेवटी देखरेखीच्या घड्याळाला वाटलं की काहीतरी बिघडलंय आणि त्याने सगळं रीसेट केलं. दुरुस्ती पृथ्वीवरून झाली: लॉक धरून बसलेल्याला तात्पुरता वाट पाहणाऱ्याइतका अग्रक्रम देण्याची सोय सिस्टिममध्ये होतीच, ती त्या लॉकसाठी चालू केली.

कर्नल स्वतः चुकला तर

युजर मोडमधला प्रोग्रॅम चुकला तर कर्नल त्याला बंद करतो. कर्नल मोडमधला कोड चुकला तर त्याच्या वर कोणीच नाही. चुकलेल्या कर्नलने पुढे चालत राहणं म्हणजे बिघडलेला मजकूर डिस्कवर लिहिण्याचा धोका. म्हणून विंडोज निळा पडदा (विंडोज ११ मध्ये २०२५ पासून काळा) दाखवून आणि लिनक्स ‘पॅनिक’ म्हणून जागच्या जागी थांबतात. हे थांबणं त्रासदायक असलं तरी योग्य आहे. बहुतेक ड्रायव्हर, म्हणजे उपकरणं चालवणारे प्रोग्रॅम, कर्नल मोडमध्येच चालतात, त्यामुळे असा पडदा आला की आधी नुकताच बदललेला ड्रायव्हर आणि मग रॅमची चिप तपासावी. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका सदोष अद्ययावत फाइलमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख विंडोज मशीन बंद पडली. त्या सॉफ्टवेअरचा एक भाग कर्नलमध्ये चालत होता आणि त्याने मर्यादेबाहेरची मेमरी वाचली. हीच चूक युजर मोडमधल्या प्रोग्रॅमकडून झाली असती, तर एक खिडकी बंद झाली असती.

उरला एक प्रश्न: कोणालाच काही काम नसेल तेव्हा कोअरवर कोण असतं? तेव्हा शेड्युलर एक रिकामं काम निवडतो, आणि ते प्रोसेसरला थांबण्याची सूचना देतं. कोअरचा वीजवापर उतरतो, नव्या लिनक्समध्ये अशा कोअरवरची टिकटिकही थांबवली जाते, आणि पुढचा इंटरप्ट येईपर्यंत तिथे एकही सूचना चालत नाही. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ‘सिस्टिम आयडल प्रोसेस’ ९७ टक्के दाखवते ती हीच वेळ. ती बंद करायचा प्रयत्न करू नये. तो आकडा म्हणजे तुमच्याकडे शिल्लक असलेला प्रोसेसर.